रेडिओ ऐकून पाळणा लांबतो का?

१. शंका रास्त आहे

खेड्यांतील कुटुंबे पूर्वीपेक्षा लहान का झाली, असा विषय निघाला की शिक्षण, महागाई, जमिनीचे तुकडे, लग्नाचे वाढलेले वय आणि दवाखान्यांची सोय ही कारणे सहज पुढे येतात. परंतु या यादीत रेडिओचेही नाव आहे असे कोणी सांगितले, तर सामान्य वाचक साहजिकच विचारतो की संध्याकाळी कानावर पडलेल्या एखाद्या मालिकेमुळे नवराबायको आपल्याला किती मुले हवीत हे खरोखर ठरवतात का. ही शंका रास्त आहे. मूल होणे किंवा न होणे हा घरातील सर्वांत खाजगी निर्णय असून त्यावर सासूचा, जातीचा, धर्माचा, मुलग्याच्या अपेक्षेचा आणि म्हातारपणीच्या आधाराच्या चिंतेचा इतका मोठा भार असतो, की त्यापुढे दूरच्या शहरातून येणारा एक आवाज फारच दुबळा वाटावा.

उत्तर शोधण्यापूर्वी प्रश्नाचे भाग पाडणे उपयुक्त ठरते. पाळणा लांबवण्याचा, म्हणजे दोन मुलांत अंतर ठेवण्याचा किंवा आणखी मूल नको असे ठरवण्याचा निर्णय प्रत्यक्षात येण्यासाठी निदान तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. असे साधन अस्तित्वात आहे आणि ते कसे वापरायचे याची माहिती असावी लागते. ते वापरणे आपल्यासारख्या माणसांना शक्य व शोभणारे आहे, असे स्वतःला व घरच्यांना वाटावे लागते, म्हणजे मनाची तयारी असावी लागते. आणि चालत जाता येईल एवढ्या अंतरावर ते साधन मिळण्याची सोय असावी लागते. रेडिओ यांपैकी पहिली गोष्ट करू शकतो हे कोणीही मान्य करील, आणि तिसरी करू शकत नाही हेही उघड आहे. खरा वाद दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे.

२. रेडिओच का?

संततिनियमनाचा विचार भारतात रेडिओच्या आधी छापील शब्दातून आला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. त्यासाठी त्यांनी नोकरी गमावली व खटलेही सोसले. त्यांचे धैर्य असामान्य होते. परंतु मासिक वाचण्यासाठी अक्षरओळख लागते, ते विकत घेण्यासाठी पैसे लागतात आणि घरात उघडे ठेवण्यासाठी मोकळीक लागते. खेड्यातील बहुसंख्य स्त्रियांपाशी त्या काळी या तिन्हींपैकी एकही गोष्ट नव्हती.

ट्रान्झिस्टर आल्यावर ही अडचण पुष्कळशी दूर झाली. बॅटरीवर चालणारा छोटा संच वीज नसलेल्या घरातही वाजू लागला, त्यासाठी अक्षरओळख लागत नव्हती, आणि दळण, स्वयंपाक किंवा गुरांचे काम चालू असतानाही तो ऐकता येत होता. शिवाय एका संचाभोवती घरातील तीन पिढ्या आणि शेजारपाजारचे लोक एकत्र बसत, त्यामुळे एरवी एकमेकांसमोर ज्या विषयाचा उच्चार होत नसे तो विषय सर्वांच्या कानांवर एकाच वेळी पडे आणि तो कोणी काढला याचा दोष घरातल्या कोणावरही येत नसे. हा शेवटचा मुद्दा दिसायला लहान असला तरी पुढील विवेचनाचा पाया आहे.

३. उपदेश कानावर पडतो, पण मनात शिरत नाही

भारत सरकारने १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि त्यानंतर लाल त्रिकोण व ‘हम दो हमारे दो’ ही घोषणा भिंतींवर आणि ध्वनिक्षेपणात सर्वत्र पोहोचली. घोषणेचा फायदा असा, की ती पाठ होते. तिची मर्यादा अशी, की ती ऐकणाऱ्याच्या अडचणीला उत्तर देत नाही. पहिल्या दोन मुली असलेल्या घराने काय करावे, तांबी बसवल्यावर अंगावर जास्त जाऊ लागले तर कोणाकडे जावे, नवरा ऐकत नसेल तर विषय कसा काढावा, हे प्रश्न घोषणेत मावत नाहीत.

उपदेशाची मर्यादा दूरदर्शनवरील ‘हम लोग’ या मालिकेने स्पष्टपणे दाखवली. १९८४ व १९८५ या वर्षांत १५६ भागांत चाललेली ही मालिका मूळ कल्पनेनुसार कुटुंबनियोजनासाठीच होती. परंतु पहिल्या तेरा भागांतील उघड शिकवण प्रेक्षकांना रुचली नाही. त्यानंतर तो विषय सौम्य करण्यात आला, कौटुंबिक कथेला प्राधान्य मिळाले आणि मालिका अफाट लोकप्रिय झाली. यातून पुढे आलेला पेच असा, की संदेश ठळक केला तर ऐकणारे उठून जातात आणि गोष्ट रंगवली तर संदेश पातळ होतो. या पेचातून वाट काढण्याचा पद्धतशीर प्रयत्न मेक्सिकोमध्ये झाला होता आणि ‘हम लोग’ची प्रेरणाही तिथलीच होती.

४. गोष्टीतून शिकण्याची रीत

मेक्सिकोतील नाट्यदिग्दर्शक व लेखक मिगेल साबिदो यांच्या लक्षात आले, की पेरू देशातील १९६९ सालच्या ‘सिंप्लेमेन्ते मारिया’ या दूरचित्रवाणी मालिकेतील मोलकरीण शिवणकाम शिकून वर येते, हे पाहून अनेक स्त्रियांनी शिवणवर्गांत नावे घातली होती, आणि तसे करा असे मालिकेत कोणीही सांगितले नव्हते. माणसे आज्ञेपेक्षा उदाहरणाने अधिक शिकतात, हे मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी प्रयोगांतून मांडले होते. या दोन गोष्टींची सांगड घालून साबिदो यांनी मालिका लिहिण्याची एक रीत बसवली आणि १९७७ मध्ये ‘अकोंपान्यामे’ ही कुटुंबनियोजनावरील मालिका केली.

या रीतीत पात्रांचे तीन प्रकार असतात. पहिले पात्र चांगला मार्ग धरून चालणारे, दुसरे वाईट मार्गाने जाऊन त्याची फळे भोगणारे आणि तिसरे या दोहोंमध्ये सापडलेले. खरे महत्त्व तिसऱ्या पात्राला असते. ते घाबरते, चुकते, माघार घेते, घरच्यांशी भांडते, पुन्हा प्रयत्न करते आणि अनेक महिन्यांनंतर निर्णयापर्यंत पोहोचते; ऐकणाऱ्याला त्याच्यात स्वतःची धडपड दिसते. आरंभापासूनच शहाणे असलेले पात्र आदरास पात्र ठरते, पण ‘ते आपल्याला कुठले जमायला’ असे म्हणून ऐकणारा त्याला दूर ठेवतो. धडपडणाऱ्या पात्राबद्दल मात्र ‘तिला जमले तर मलाही जमेल’ असे वाटू शकते. आपल्या हातून एखादी गोष्ट होईल या विश्वासाला बांडुरा यांच्या विवेचनात मध्यवर्ती स्थान आहे, आणि मूल होणे हे सर्वस्वी दैवाधीन आहे असे मानणाऱ्या समाजात तर हा विश्वासच पहिली पायरी ठरतो.

गोष्ट दीर्घकाळ चालल्याने आणखी एक परिणाम होतो. पात्रांशी ऐकणाऱ्यांचे मानलेले नाते जडते. म्हणजे पात्र काल्पनिक आहे हे ठाऊक असूनही त्याच्या सुखदुःखाची काळजी घरच्या माणसासारखी वाटू लागते. मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’मधील टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि प्रभाकरपंत हे एका पिढीच्या मराठी घरांत असेच नित्याचे झाले होते. अशा नात्यातल्या माणसाने घेतलेला निर्णय आणि अनोळखी अधिकाऱ्याने केलेली सूचना यांचे वजन सारखे असू शकत नाही.

५. टांझानियातील एक मालिका

या रीतीची सर्वांत परिचित कसोटी पूर्व आफ्रिकेतील टांझानियात लागली. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथे एका स्त्रीला सरासरी सहा मुले होत, बहुतेक लोक खेड्यांत राहत आणि स्वाहिली भाषा देशभर समजत असल्याने एकच कार्यक्रम सर्वदूर पोहोचू शकत होता. १९९२ मध्ये देशाने लोकसंख्येविषयी राष्ट्रीय धोरण स्वीकारले आणि १९९३ च्या जुलैपासून रेडिओ टांझानियावर ‘त्वेन्दे ना वाकाती’ ही मालिका आठवड्यातून दोनदा प्रसारित होऊ लागली. या नावाचा अर्थ ‘चला, काळाबरोबर चालू या’ असा होतो. मालिकेत कुटुंबनियोजन आणि एड्सपासून बचाव हे दोन विषय एकत्र गुंफलेले होते.

तिच्यातील म्क्वाजू हा ट्रकचालक गावोगावी मैत्रिणी ठेवणारा, दारू पिणारा आणि घराकडे दुर्लक्ष करणारा असून अखेरीस एड्सने मरतो. त्याची पत्नी तुनू आरंभी सर्व मुकाट्याने सोसते, मग हळूहळू स्वतःचा छोटा व्यवसाय उभा करते आणि आपल्या पायांवर उभी राहते. फुंदी मितिंदो हा शिंपी आणि त्याची पत्नी मामा वारिदी हे जोडपे आरंभी कुटुंबनियोजनाविषयी साशंक असते, पण पुढे एकमेकांशी बोलून साधन वापरू लागते. म्हणजे म्क्वाजू वाईट मार्गाचे उदाहरण आहे, तर तुनू आणि शिंप्याचे जोडपे ही धडपडणारी पात्रे आहेत. पात्रे लोकांच्या बोलण्यात इतकी रुळली, की बाहेरख्याली पुरुषाला म्क्वाजू म्हणून हिणवले जाऊ लागले. एखाद्या वर्तनाला समाजात नाव मिळाले की त्याविषयी उघडपणे बोलणे सोपे होते.

६. परिणाम मोजायचा कसा?

मालिका लोकप्रिय होणे आणि तिच्यामुळे वर्तन बदलणे या भिन्न गोष्टी आहेत. मालिका चालू असताना साधने वापरणारी जोडपी वाढली, तर ती मालिकेमुळे वाढली की तशीही वाढलीच असती, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. मालिका ऐकणारे लोक न ऐकणाऱ्यांपेक्षा अधिक साधने वापरतात असे आढळले, तरी कदाचित आधीच नव्या विचारांचे असलेले लोकच ती ऐकत असतील ही शक्यता उरते. म्हणून तुलनेसाठी मालिका न पोहोचलेला, पण एरवी बराचसा सारखा असलेला प्रदेश हवा.

टांझानियात असा प्रदेश ठेवण्यात आला. दोदोमा येथील केंद्र १९९३ ते १९९५ या काळात या मालिकेऐवजी आपले स्थानिक कार्यक्रम प्रसारित करत होते. तेथे मालिका १९९५ च्या सप्टेंबरपासून सुरू झाली. एव्हरेट रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात असे दिसले, की मालिका पोहोचलेल्या भागांतील निवडक दवाखान्यांत कुटुंबनियोजनासाठी नव्याने येणाऱ्यांची संख्या सुमारे एक-तृतीयांशाने वाढली, तर दोदोमा भागात ती त्या काळात जवळजवळ जैसे थे राहिली; आणि पुढे मालिका तेथे सुरू झाल्यावर तेथेही साधनांचा वापर वाढला.

दवाखान्यात नव्याने आलेल्यांना येण्याचे कारणही विचारण्यात आले. त्याचा अर्थ एका छोट्या उदाहरणाने स्पष्ट होतो. अशा १०० जणांची रांग डोळ्यांसमोर आणली, तर सुमारे २५ जणांनी आपणहून मालिकेचे नाव घेतले. आणखी १६ जणांनी ‘रेडिओवर काहीतरी ऐकले’ असे सांगितले आणि कार्यक्रमांची यादी दाखवल्यावर हीच मालिका ओळखली. म्हणजे १०० पैकी ४१ जणांच्या येण्यामागे मालिकेचा काही वाटा होता. उरलेल्या ५९ जणांची कारणे वेगळी होती, हेही तितकेच लक्षात ठेवले पाहिजे. शिवाय या ४१ जणांनाही साधन दवाखान्यातूनच मिळाले. मालिकेने त्यांना दवाखान्याच्या वाटेला लावले.

७. कान आणि कृती यांच्या मधली जागा

आता मूळ शंकेकडे वळता येते. मालिका ऐकणे आणि दवाखान्यात जाणे यांच्या मध्ये काय घडते? टांझानियातील अभ्यासात याचे उत्तर मालिकेविषयीच्या बोलण्यात सापडले. मालिका ऐकणाऱ्यांत नवराबायकोंचे कुटुंबनियोजनाविषयीचे संभाषण वाढले, शेजारी व मैत्रिणी यांच्यातही ते वाढले, आणि कुटुंब किती मोठे असावे हे आपण ठरवू शकतो असे मानणाऱ्यांचे प्रमाणही वाढले. जी बाई नवऱ्यापुढे ‘आपण थांबू या का’ असे सरळ विचारू शकत नव्हती, ती ‘मामा वारिदीने बरोबर केले का’ असे विचारू शकते; नवऱ्याने विरोध केला तर तो पात्राला केलेला विरोध ठरतो, आणि त्याने मान डोलावली तर पुढचे वाक्य बोलायला वाट मोकळी होते.

रेडिओचे हे काम दुधात टाकलेल्या विरजणासारखे आहे. विरजण थोडेच असते आणि दह्यात बदलते ते दूध; पण दूध फार थंड असेल तर विरजण पडूनही दही लागत नाही. घरातले आणि गावातले बोलणे ही ती ऊब आहे. ती असेल तेथे थोड्या शब्दांचाही परिणाम पसरत जातो. ती नसेल तेथे पुष्कळ शब्दही निष्फळ ठरतात.

ही गोष्ट मराठी खेड्यांनी टांझानियाच्या कितीतरी आधी दाखवून दिली होती. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणी आणि युनेस्को यांनी तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी भाषक जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. गावातील काही जण आठवड्यातून दोनदा एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवत. विषय मुख्यतः शेतीचे व ग्रामजीवनाचे होते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन करताना तीन प्रकारच्या गावांची तुलना केली: श्रोतृमंडळ असलेली, रेडिओ असून मंडळ नसलेली आणि रेडिओच नसलेली. मंडळ असलेल्या गावांत माहितीची वाढ ठळकपणे दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तशी ती दिसली नाही. ज्ञान संचातून बाहेर पडले म्हणजे पोहोचले असे होत नाही. त्यावर बोलणारी माणसे असतील तेथेच ते रुजते, हा या प्रयोगाचा निष्कर्ष आजही तितकाच खरा आहे.

चाळीस वर्षांनी उत्तर भारतात तेच पुन्हा दिसले. आकाशवाणीच्या ‘तिनका तिनका सुख’ या १०४ भागांच्या हिंदी मालिकेनंतर उत्तर प्रदेशातील लुत्सान गावातील १८४ जणांनी सह्या करून हुंडा न घेण्या-देण्याची प्रतिज्ञा केली. गावात मालिका एकत्र ऐकून तिच्यावर वाद झडले होते आणि त्यातून हा सामूहिक निश्चय निघाला. सही आणि आचरण यांच्यात अंतर राहिले, हेही अभ्यासकांनी नोंदवले आहे. तरी जी रूढी मोडण्याचा विचार एकेकट्याला पेलत नाही, तिच्याविरुद्ध गाव एकत्र उभे राहू शकते, हे त्यातून दिसले. २००२ मध्ये बिहारसह काही राज्यांत प्रसारित झालेल्या ‘तारू’ या मालिकेच्या वेळी म्हणूनच आधी गावांत लोकनाट्याचे प्रयोग करण्यात आले आणि श्रोत्यांचे गट बांधण्यात आले. बिहारमधील अबीरपूर गावात अशा गटातील तरुण मुलींनी दलित मुलांसाठी शाळा चालवली. जिथे मुलीचे बाहेर पडणेच वादाचा विषय असते, तिथे तिच्या लग्नाचे वय आणि पहिल्या बाळंतपणाचे वय यांचा प्रश्न अशाच वाटेने चर्चेत येतो.

८. नुसता रेडिओ काय करतो?

टांझानियातील अभ्यासावर एक आक्षेप घेता येतो. दोदोमाची निवड चिठ्ठी टाकून झालेली नव्हती, त्यामुळे दोन भागांत मालिकेखेरीज इतरही काही फरक असू शकतात. हा आक्षेप दूर करण्याचा उपाय म्हणजे कोणाला काय मिळावे हे दैवगतीने ठरवणे. तसे केले की दोन गटांत पूर्वीपासून फरक असण्याचे कारण उरत नाही आणि नंतर दिसणारा फरक उपक्रमाचाच मानता येतो.

पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो येथे असा प्रयोग झाला. सोळा स्थानिक रेडिओ केंद्रांपैकी चिठ्ठीने निवडलेल्या आठ केंद्रांवरून अडीच वर्षे कुटुंबनियोजनाची मोहीम चालवण्यात आली, तर उरलेल्या आठ केंद्रांवर ती नव्हती. त्याशिवाय दोन्ही प्रकारच्या भागांत मिळून सुमारे दीड हजार स्त्रियांना रेडिओ संच देण्यात आले. त्यामुळे दोन प्रश्न वेगवेगळे तपासता आले: रेडिओ घरात आल्याने काय होते, आणि रेडिओवर हा विषय असल्याने काय होते.

मोहिमेच्या भागांत आधुनिक साधने वापरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे सहा टक्केबिंदूंनी वाढले. टक्केबिंदू म्हणजे शंभरातील प्रत्यक्ष संख्येचा फरक: आधी १०० पैकी ३० स्त्रिया साधन वापरत असतील, तर आता सुमारे ३६ वापरू लागल्या. ३० च्या तुलनेत ही वाढ एक-पंचमांश आहे. पण शंभराच्या तुलनेत ती सहाच आहे. दोन्ही विधाने खरी असल्याने मोहिमांविषयीचे आकडे वाचताना कोणते मोजमाप वापरले आहे हे नेहमी पाहावे. जन्मांचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांनी घटले.

याहून विचार करायला लावणारा निष्कर्ष पहिल्या प्रश्नाचा होता. ज्या भागांत मोहीम नव्हती तेथे रेडिओ मिळालेल्या स्त्रियांत साधनांचा वापर पाच टक्केबिंदूंहून अधिक घटला आणि स्त्रीपुरुषांच्या भूमिकांविषयी त्यांची मते अधिक जुन्या वळणाची झाली. ‘रेडिओ आला की आधुनिक विचार येतो’ हा समज यामुळे कोसळतो. रेडिओ जे बोलतो ते पोहोचवतो. तो पूर्वग्रह बोलला तर पूर्वग्रहच पोहोचवतो. म्हणून माध्यम किती दूर पोहोचते याहून त्यावरून काय बोलले जाते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

मोहिमेने स्त्रियांना किती मुले हवीत ही इच्छा बदलली नाही, हा या प्रयोगातील आणखी एक मोलाचा निष्कर्ष आहे. साधनांविषयीचे समज बदलले आणि आधीपासून वापरणाऱ्या स्त्रिया ती अधिक सातत्याने वापरू लागल्या. म्हणजे थांबण्याची किंवा अंतर ठेवण्याची इच्छा अनेकींच्या मनात आधीपासून होतीच. वाटेत भीती व गैरसमज उभे होते आणि रेडिओने ते दूर केले. आरंभीची शंका या ठिकाणी बरीचशी फिटते. रेडिओ कोणाच्याही मनात परकी इच्छा घालत नाही. दबलेल्या इच्छेला तो बोलण्याची आणि वागण्याची मोकळीक देतो.

९. आवाजामागे दवाखाना हवा

अशी मोकळीक मिळालेली स्त्री उपकेंद्रात पोहोचली आणि तेथे गोळ्या संपलेल्या असल्या, नर्सबाई रजेवर असल्या किंवा सर्वांसमोर तिला खडे बोल ऐकावे लागले, तर रेडिओने महिनोन्महिने कमावलेला विश्वास एका दुपारी जातो, आणि ती बाई हा अनुभव आपल्या दहा मैत्रिणींना सांगते. म्हणून चांगल्या मालिकेची आखणी करताना कथेत पात्र ज्या साधनासाठी जाते ते साधन ऐकणाऱ्यांच्या भागात खरोखर मिळते का, हे आधी पाहावे लागते. ‘तारू’च्या बाबतीत बिहारमध्ये ग्रामीण आरोग्यसेवकांमार्फत साधने पुरवणारी ‘जननी’ ही संस्था प्रकल्पात सहभागी होती, त्यामुळे कथा आणि सेवा बरोबरीने चालू शकल्या. महाराष्ट्रात हा दुवा आज आशाताई, उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्या रूपाने उभा आहे. स्थानिक केंद्राचा कार्यक्रम आणि आशाताईंची घरभेट एकाच विषयावर, एकाच आठवड्यात होणे ही काही महागडी योजना नव्हे.

१०. मन वळवणे आणि भाग पाडणे

कुटुंबनियोजनाच्या प्रचाराची चर्चा आणीबाणीचा उल्लेख टाळून करणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांपैकी बहुसंख्य पुरुषांच्या होत्या आणि कित्येक धाक, आमिष किंवा उघड सक्तीने झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले होते. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. त्या काळी आकाशवाणी सरकारच्या पूर्ण ताब्यात होती. ज्या आवाजाच्या मागे पोलीस व शिधापत्रिकेची धमकी उभी असते, त्याला मन वळवण्याची गरज उरत नाही आणि म्हणून तो विश्वासालाही पात्र राहत नाही.

त्या सक्तीची किंमत पुढे स्त्रियांनी मोजली. पुरुष नसबंदीचे नाव असे बदनाम झाले की शस्त्रक्रियेचे ओझे जवळजवळ संपूर्णपणे स्त्रीवर आले. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्क्यांनी स्वतःची नसबंदी करून घेतली होती, तर पतीच्या नसबंदीवर विसंबणाऱ्यांचे प्रमाण ०.३ टक्के होते. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी व कमी जोखमीची असतानाही हे प्रमाण इतके विषम आहे. त्याच पाहणीनुसार देशात एका स्त्रीला होणाऱ्या मुलांची सरासरी २.० आणि महाराष्ट्रात १.७ इतकी खाली आलेली होती. म्हणजे मुले कमी व्हावीत हे सांगण्याचे काम महाराष्ट्रात तरी उरलेले नाही. उरलेले काम वेगळे आहे. विसाव्या-बाविसाव्या वर्षी दोन बाळंतपणे उरकून थेट शस्त्रक्रियेकडे जाणाऱ्या मुलीला तांबी, गोळ्या आणि इंजेक्शन यांचे पर्याय कळावेत, नवऱ्याने निरोध किंवा नसबंदी यांना आपली जबाबदारी मानावी आणि मुलगाच हवा या हट्टापायी होणारी बाळंतपणे थांबावीत, यासाठी आजही गोष्टींची गरज आहे, आणि त्या गोष्टींतील धडपडणारे पात्र आता पुरुष असायला हवे.

११. निष्कर्ष

रेडिओ ऐकून पाळणा लांबतो का, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, पण त्याला तीन अटी आहेत. कार्यक्रमाने हा विषय ऐकणाऱ्यांच्या अडचणींसह, त्यांच्यासारख्याच माणसांच्या गोष्टीतून मांडला पाहिजे. त्यावर घरात आणि गावात बोलले गेले पाहिजे. आणि निर्णय घेतलेल्या जोडप्याला साधन जवळ, सन्मानाने आणि स्वतःच्या पसंतीने मिळाले पाहिजे. या अटी पाळल्या गेल्या तेथे शंभरांतील पाच-सहा स्त्रियांच्या आयुष्यात फरक पडला. हा आकडा लहान वाटला, तरी पाच हजार स्त्रियांच्या तालुक्यात त्याचा अर्थ अडीचशे ते तीनशे स्त्रिया असा होतो, ज्यांचे पुढचे बाळंतपण त्यांना हवे तेव्हाच होईल किंवा नको असेल तर होणार नाही. लोकसंख्येचे आकडे खाली आणणे हे कुटुंबनियोजनाच्या कार्यक्रमाचे उद्दिष्ट म्हणून पुष्कळदा सांगितले गेले आहे. परंतु ज्या कार्यक्रमांनी खरोखर परिणाम केला, त्यांनी एका स्त्रीला आणि तिच्या नवऱ्याला आपापसांत बोलण्याचे बळ देण्यापासून सुरुवात केली, आणि आकडे त्यांच्या मागून आले.